बागेत जायचं, पण कोणत्या दिवशी?

पत्र: "आमची निफाडजवळ तीन एकर द्राक्षबाग आहे. यजमान ५३ वर्षांचे. दसऱ्याच्या सुमारास मुंबईला त्यांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. शेजारच्या गाठींतही थोडं सापडलं म्हणून आता नाशिकला केमो सुरू आहे. तीन आठवड्यांनी एकदा ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाइन, मग १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, असे आठ डोस सांगितलेत. दोन झाले. डोसनंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री हे चार वाजता उठून बागेत जातात, थंडीत मणी तडकतील म्हणून शेकोट्या पेटवायला. मी ओरडते, मग चार दिवस अबोला. नणंद काढे आणून देते. घरात आजाराशिवाय दुसरा विषय नाही. माल फेब्रुवारीत निघेल, मग एप्रिलची छाटणी. त्यांना अडवू की जाऊ देऊ? हे महिने काढायचे कसे?"

ताई,

भांडण पहाटे चारच्या बागेवरून होतंय, तर तिथूनच सुरुवात करू. केमोच्या आधी उलटी होऊ नये म्हणून बहुतेक ठिकाणी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, आणि पुष्कळदा पुढचे दोन-तीन दिवस त्याच्या गोळ्याही लिहून देतात. त्याने झोप उडते, माणूस उगाच चिडतो, आणि ते थांबलं की एक-दोन दिवस अंगातली सगळी ताकद गेल्यासारखा पडून राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीचं जागरण आणि मागाहून येणारा अबोला, दोन्हींत या औषधाचा हात असण्याची दाट शक्यता आहे. गोळ्यांच्या पाकिटावर नाव पाहा. संध्याकाळी घेत असतील तर सगळा डोस सकाळी नाश्त्यानंतर घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. एवढ्या एका बदलाने पुष्कळ घरांतल्या रात्री सुधारतात. मधुमेह असेल तर या दिवसांत साखर वाढते, तीही तपासत जा.

आता थंडी. ऑक्झॅलिप्लॅटिनमुळे नसा गारव्याला विलक्षण हळव्या होतात. बोटांना मुंग्या येतात, ओठांभोवती बधिरपणा येतो, आणि गार पाणी प्यायलं किंवा गार हवा छातीत गेली की घसा आवळल्यासारखा वाटतो. सुरुवातीला हे पाच-सात दिवस टिकतं, पुढच्या डोसांबरोबर दिवस वाढत जातात. घसा आवळला की माणूस घाबरतो, पण बहुतेक वेळा कोमट पाण्याचे दोन घोट घेतले आणि तोंडावर मफलर धरून श्वास घेतला की ते ओसरतं. खरोखर दम लागला, जीभ किंवा चेहरा सुजला, तर मात्र थेट हॉस्पिटल.

निफाडचा जानेवारी राज्यात सगळ्यांत गार म्हणून ओळखला जातो. त्यात स्वयंपाकघरातला रात्रभर गारठलेला स्टीलचा तांब्या सकाळी हातात घेणं हेही या आठवड्यात त्यांना चटका बसल्यासारखं लागेल. त्यांच्यासाठी काचेचा किंवा कपासारखा कानाचा पेला ठेवा आणि थर्मासमध्ये कोमट पाणी भरून उशाशी द्या. फ्रिजमधलं काही काढायचं असेल तर हातमोजा घालून, शक्यतो तुम्हीच काढा. ओल्या फरशीवर अनवाणी चालू देऊ नका. मात्र ऊब देताना सांभाळा. बधिर हाताला भाजल्याचं कळत नाही, म्हणून शेकोटीवर हात शेकणं, पायाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपणं, दोन्ही बंद. अंघोळीचं पाणी आधी तुमच्या हाताने पाहा. बागेतल्या शेकोट्यांचा आणि पहाटे ठिबक चालू करण्याचा जिम्मा या हंगामापुरता भावकीतल्या कुणाला किंवा सालगड्याला द्या. शेकोट्या पेटल्या का, हे त्यांनी अंथरुणातून फोनवर खुशाल विचारावं.

त्यांना सरसकट अडवू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. इतक्या वर्षांच्या बागायतदाराला ऐन मालाच्या दिवसांत खाटेवर बसवलं की तो आधी मनाने आजारी पडतो. पण "जायचं की नाही" हा वाद रोज नव्याने घालू नका. भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि डोसच्या तारखेपासून २१ दिवस मोजून तीन रंगांत रंगवा. दोघांनी मिळून. मग "नाही" म्हणणारी तुम्ही राहणार नाही.

पहिले सात दिवस थंडीचे आणि मळमळीचे. या दिवसांत ऊन चांगलं वर आल्यावर, दहानंतर, मोजे-बूट-कानटोपी घालून अर्धा तास बागेत चक्कर. आठव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत गारवा सोसायला लागतो, भूक परतते, आणि नेमक्या याच सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यांत खाली गेलेल्या असतात. अंगात बरं वाटतंय म्हणून लग्न, बाजार समिती, गर्दीची एसटी असं सगळं या आठवड्यात उरकलं जातं आणि जंतुसंसर्ग गाठतो. शेणखत, कुजलेला पाला, धूळ यांच्यापासून दूर राहायचं. पंधराव्या दिवसापासून गोळ्या बंद. हा त्यांचा आठवडा, आणि तुमचाही. व्यापारी बाग पाहायला येणार असेल, मजुरांची टोळी ठरवायची असेल, पाहुणे यायचे असतील, तर सगळं इथे बसवा.

काही कामं मात्र तिन्ही आठवड्यांत वर्ज्य. फवारणी करायची नाही, औषध कालवायचं नाही, आणि शेजारच्या बागेत ब्लोअर (फवारणीचं यंत्र) चालू असताना वाऱ्याच्या दिशेला थांबायचं नाही. भरलेली क्रेट उचलायची नाहीत, कारण पोटाच्या टाक्यांच्या जागी हर्निया उतरू शकतो. किती महिने नाही, हे सर्जनकडून विचारून घ्या. आणि कात्री. बोटं बधिर असताना छाटणीच्या कात्रीने कातडी कापली गेली तरी कळत नाही, त्यात पेशी कमी असल्या की साधी जखमही चिघळते. खुड्याच्या, म्हणजे घड काढण्याच्या, वेळी त्यांनी बांधावर खुर्ची टाकून मालाची प्रत पाहावी, वजनाच्या नोंदी घ्याव्यात. घरची द्राक्षं खायला हरकत नाही, पण शेवटच्या फवारणीनंतरची मुदत संपलेला घडच घ्या, मणी सुटे करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, आणि पहिल्या आठवड्यात फ्रिजमधले देऊ नका. दुसऱ्या आठवड्यात केळं, पपई, संत्रं अशी साल काढून खायची फळं बरी.

डिजिटल थर्मामीटर घरात हवाच, आणि एक त्यांच्या पिशवीत. तोंडात लावायचा असेल तर गरम चहानंतर वीस मिनिटं थांबा. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्यापुढे ताप दिसला, किंवा ताप नसतानाही थंडी वाजून हुडहुडी भरली, तर ती रात्र घरी काढायची नाही. क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहणं ही या उपचारातली सगळ्यांत महाग पडणारी चूक आहे. ताप दबतो, जंतू वाढत राहतात, आणि पेशी कमी असताना काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. केमो चालू आहे, कोणती औषधं, शेवटचा डोस कधी झाला, असं एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला टाचून ठेवा. गावातून नाशिकला रात्री गाडी कोणाची, ड्रायव्हर कोण, हे आजच ठरवा.

गोळ्यांचा नियम साधा आहे. सकाळ-संध्याकाळ बारा तासांच्या अंतराने, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर अख्खी गोळी. चुरायची नाही, तोडायची नाही. एखादी राहिली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही. तुम्ही काढून देत असाल तर नंतर हात साबणाने धुवा.

फेब्रुवारी सरला की थंडीचा त्रास कमी होईल आणि कॅपेसिटाबिनचे दोन त्रास पुढे येतील. उन्हाळ्यात त्यांना जास्त जपावं लागतं. पहिला तळहात-तळपायांचा: लाली, जळजळ, मग साल सुटणं आणि भेगा. उष्णता आणि घासणं यांनी तो वाढतो. मार्चच्या उन्हात रबरी चपला घालून बांधावरून चालणं, फावड्याचा दांडा घट्ट धरणं, खूप गरम पाण्याची अंघोळ, सगळं त्यात आलं. आत्तापासूनच दिवसातून दोन-तीनदा १० टक्के युरियाचं क्रीम लावायला सुरुवात करा, सुती मोजे आणि सैल बूट वापरा. नुसती लाली असेल तर क्रीम चालू ठेवायचं. दुखायला लागलं, फोड आले, चालताना पाय टेकवेना, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. ते काही दिवस थांबवतात, डोस कमी करतात. पुष्कळ जण औषध कमी होईल या भीतीने दुखणं लपवतात, आणि मग जास्त दिवस औषध बंद ठेवावं लागतं.

दुसरा जुलाबांचा. नेहमीपेक्षा दिवसात चार किंवा जास्त वेळा, किंवा रात्री उठून जावं लागलं, तर गोळी थांबवून लगेच कळवा. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी कधी आणि किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच करायचं, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रसवंतीवरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा या उन्हाळ्यात नको. आमरस घरी, धुतलेल्या आंब्याचा, ताजा काढून लगेच वाढलेला चालेल.

नणंदबाईंचे काढे प्रेमाने घ्या आणि कपाटात ठेवा. गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात केलेली आहे, आणि केमोची औषधं चालू असताना असा धोका पत्करण्यात अर्थ नाही. ताकदीच्या गोळ्यांतही सांभाळा. फॉलिक अॅसिडमुळे कॅपेसिटाबिनचा त्रास वाढतो आणि ते पुष्कळ टॉनिकांत असतं. "डॉक्टरांनी लेखी मनाई केली आहे" एवढंच सांगा, आणि नणंदबाईंना दुसरं काम द्या. पहिल्या आठवड्यात दोन वेळचा डबा त्यांनी पाठवला तर तुमची एक दुपार मोकळी होईल. ताटवाटी वेगळी ठेवा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. हा आजार लागत नाही. एका खोलीत झोपा. जवळीक हवीशी वाटली तर केमो चालू असताना कंडोम वापरा, औषधाचा अंश अंगातल्या स्रावांत उतरतो. उलटी, जुलाब साफ करताना हातमोजे घाला, संडासात दोनदा पाणी सोडा.

दुसरा विषय नाही, असं तुम्ही लिहिलंत. तो समोरच आहे, बाग. "जेवलात का, औषध घेतलंत का, ताप आहे का" हे दिवसात दोनदा, ठरलेल्या वेळी विचारा आणि वहीत लिहा. बाकी वेळ विचारू नका. त्यांना प्रश्न विचारा ते त्यांच्या जाणकारीचे: भुरी रोग कुठल्या ओळीत दिसतोय, मण्यात साखर किती भरलीय, यंदा कुणाला माल द्यायचा. व्यापाऱ्याशी बोलणी होतील तेव्हा शेजारी बसा. सौदा लेखी, दर आणि पैसे देण्याची तारीख कागदावर, माल उचलायच्या आधी रक्कम. पीककर्जाचं खातं, सोसायटीचे हप्ते, विम्याची पावती कुठे आहे, हे या निमित्ताने समजून घ्या. "तुम्हाला काही झालं तर" अशा शब्दांत विचारू नका. "या हंगामात धावपळ मी करते, मला दाखवून ठेवा" असं म्हणा. ते दाखवतील, कारण त्यात त्यांचा मान आहे.

तुमचं काय चाललंय ते पत्रात एका ओळीतही नाही. तुमच्या बीपी-शुगरची तपासणी राहिली असेल तर पुढच्या डोसच्या दिवशी, ते सलाइनवर असताना, त्याच हॉस्पिटलात करून घ्या. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्यावी. त्यांना कोणती द्यायची ते डॉक्टर सांगतील; जिवंत जंतूंची लस त्यांना चालत नाही. तपासणीला मुंबईला रेल्वेने जात असाल तर हॉस्पिटलकडून सवलतीचा फॉर्म मागा. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचं पूर्ण भाडं माफ होतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते.

कधी रक्ताचा रिपोर्ट कमी येईल आणि डोस आठवडाभर पुढे जाईल. तसं व्हायला लागलं की माणसं हवालदिल होतात. उपचार वाया गेला असं त्यात काही नाही, पण कालनिर्णयवरचे रंग त्या दिवशी नव्याने भरा, नाहीतर खुड्याचा दिवस दुसऱ्या आठवड्यात येऊन पडेल.

प्रत्येक डोसच्या आधी एक चाचणी घरी करा: शर्टाची बटणं लावता येतात का, जमिनीवर पडलेलं नाणं उचलता येतं का, डोळे मिटून पायाखालची चप्पल कळते का. थंडी नसतानाही बधिरपणा टिकून राहिला आणि यातलं काही जमेना झालं, तर सलाइन लागण्याआधी सांगा, लागल्यावर नाही. ऑक्झॅलिप्लॅटिन कमी करायचं की थांबवून नुसत्या गोळ्या चालू ठेवायच्या, हा निर्णय डॉक्टर त्यावर घेतात. हा बधिरपणा शेवटच्या डोसनंतरही काही महिने वाढू शकतो, म्हणून एप्रिलच्या छाटणीला कात्री मजुरांच्याच हातात राहू द्या. ऑक्टोबरच्या छाटणीचं तेव्हा बोटं पाहून ठरवा.