मुलीने 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' दुसऱ्या प्रकरणातच सोडलं. 'गुरू काही शिकवतच नाही' म्हणते. पुढे वाचायला लावू का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी १३ वर्षांची आहे, जादूच्या शाळांच्या गोष्टींचा फडशा पाडते, म्हणून उर्सुला ले ग्विन यांचं हे पुस्तक आणून दिलं आणि ते आठवडाभर पालथं पडून आहे. 'हा ओगियन कसला गुरू, नुसता चालतो आणि गप्प बसतो,' हे तिचं म्हणणं.

वाचायला लावू नका. पण एक गोष्ट तिला जरूर सांगा. तिची जी तक्रार आहे, तीच तक्रार त्या गोष्टीतला मुलगा करतो, आणि नेमकी त्याच पानांवर करतो. म्हणजे तिने पुस्तक चुकीचं वाचलेलं नाही. तिथे जे वाटायला हवं तेच तिला वाटलंय. फक्त एका पायरीवर ती थांबली आहे.

ती पायरी मला फार जवळची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर एका कासाराच्या घरी हा मुलगा जन्मतो. आई तो वर्षाचा व्हायच्या आतच गेलेली, बाप कमी बोलणारा आणि हात उचलणारा. गावात मंत्रतंत्र करणारी त्याची मावशी असते. तिने शेळ्यांना हाक मारताना म्हटलेलं एक कवन तो सात वर्षांचा असताना ऐकतो आणि अर्थ न कळता स्वतः म्हणून बघतो. शेळ्या येतात, त्याला चहूबाजूंनी घेरतात आणि हलतच नाहीत. तो घाबरून पळतो तरी त्या त्याला चिकटून गावात येतात. पुढे काय होणार ते सगळं या छोट्या प्रसंगात आलेलं आहे. याला बोलावता येतं, परत पाठवता येत नाही.

मग गावावर हल्ला होतो, पोरगा धुकं उभं करून गाव वाचवतो, आणि ही बातमी ऐकून ओगियन येतो. मुलगा १३ वर्षांचा होतो त्या दिवशी ओगियन त्याला नदीच्या उगमाजवळच्या गार पाण्यातून चालत यायला लावतो आणि त्याचं खरं नाव देतो, गेड. लोकांत तो स्पॅरोहॉक म्हणून ओळखला जातो. हा आपल्या शिक्र्याच्या कुळातला पक्षी. खरं नाव ज्याला त्याला सांगायचं नसतं, कारण ज्याला तुमचं खरं नाव कळलं त्याच्या हातात तुम्ही आलात.

हे आपल्याला परकं नाही. पत्रिकेतलं नावरस नाव वेगळं आणि हाक मारायचं नाव वेगळं, हे आपल्याकडे अजून चालतं. माझी आजी तिन्हीसांजेनंतर सापाला साप म्हणायची नाही, 'जनावर' म्हणायची. नाव घेतलं की ते ऐकतं, असा तिचा विश्वास. ले ग्विन यांचं अख्खं जग या एका विश्वासावर उभं आहे, आणि त्यांनी तो फार गांभीर्याने घेतला आहे. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे अमेरिकेतले मोठे मानववंशशास्त्रज्ञ. घरात मूळ अमेरिकन लोकांच्या कथा, भाषा, चालीरीती यांच्यावर सतत बोलणं चालायचं. म्हणून असेल, या पुस्तकातल्या चालीरीती सजावटीसाठी चिकटवलेल्या वाटत नाहीत.

आता तुमच्या मुलीच्या पानावर येऊ. गेड ओगियनबरोबर निघतो तेव्हा त्याला वाटत असतं की लगेच वाऱ्यावर स्वार व्हायला मिळेल, प्राण्यांची भाषा कळेल. ते नुसते चालतात. काही दिवसांनी न राहवून तो विचारतो, माझं शिक्षण सुरू कधी होणार? ओगियन म्हणतो, झालंय की. गेड म्हणतो, पण मी तर अजून काहीच शिकलो नाही. त्यावर ओगियन त्याला वाटेवरचं एक साधं झुडूप दाखवतो. गेड विचारतो, याचा उपयोग काय? ओगियनला त्याचा कसलाही उपयोग माहीत नाही. पण सगळ्या ऋतूंत, मुळापासून बीपर्यंत, वासासकट ते झुडूप ओळखशील, तेव्हा त्याचं खरं नाव शिकायला लायक होशील, असं तो सांगतो.

मग पाऊस लागतो. त्या बेटावर कोणीही हवामानाचा मांत्रिक मंत्र म्हणून पाऊस पलीकडे ढकलतो आणि स्वतः कोरडा राहतो. ओगियन पाऊस पडू देतो. एक दाट झाड बघतो आणि त्याखाली आडवा होतो. गेड भिजत, चडफडत बसतो. एवढी विद्या असून ती वापरायचीच नाही, तर ती असून उपयोग काय, हा त्याचा प्रश्न.

मुलीला एवढी दोन पानं तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. वाचून झाल्यावर काही समजावू नका.

मी आयटीआयमधून फिटरचा ट्रेड केला आणि एका लहान कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागलो. माझ्या वाट्याला आलेले मिस्त्री साठीकडे झुकलेले, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारे. पहिले दोन महिने त्यांनी माझ्या हातात फक्त कानस ठेवली. व्हाइसमध्ये लोखंडाचा चौकोनी तुकडा धरायचा, घासायचा, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून उजेडाकडे धरून बघायचं, फट दिसली की परत घासायचा. मला लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, जायचं होतं. एकदा ते जेवायला गेले असताना मी लेथ चालू केलं. चकची, म्हणजे लेथवर काम पकडून फिरणाऱ्या जबड्याची, चावी चकमध्येच राहिली होती. ती सुटली आणि माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळली. मिस्त्री धावत आले, मेन स्विच बंद केला, माझे दोन्ही हात धरून बोटं तपासली. एक शब्द बोलले नाहीत. दुपारी तोच लोखंडाचा तुकडा परत माझ्या हातात दिला.

त्यानंतर सहा वर्षांनी मुंबईला फोर्टातल्या फूटपाथवर हे पुस्तक मला मिळालं. डिक्शनरी शेजारी ठेवून वाचत होतो. त्याच दुसऱ्या प्रकरणात पुढे गेड कोणाच्या तरी डिवचण्यावरून, गुरू घरात नसताना, गुरूच्या पोथीतला एक मंत्र वाचतो. वाचता वाचता त्याला नजर काढता येत नाही, खोलीत अंधार झाल्याचं कळत नाही, आणि मान वळवतो तेव्हा बंद दाराशी काहीतरी दबा धरून बसलेलं असतं. दार उघडतं, ओगियन उजेड घेऊन आत येतो. मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. तोपर्यंत मला मिस्त्रींचा रागच होता. त्यांनी मला काय शिकवलं, ते त्या रात्री कळलं. म्हणून ओगियन काही शिकवत नाही असं कोणी म्हटलं की मला बोलावंसं वाटतं.

तुमच्या मुलीला हवी असलेली शाळा पुढच्याच प्रकरणात येते, हेही सांगून टाका. ओगियन गेडला अडवून धरत नाही. माझ्याकडे राहा किंवा रोक बेटावरच्या विद्यापीठात जा, निवड तुझी, असं म्हणतो. गेड जातो. आणि आयुष्यभर त्याला ओगियन आठवत राहतो.

रोकवर नऊ आचार्य आहेत. कोणी वाऱ्याचा, कोणी वनस्पतींचा, कोणी रूपांतराचा. एक आचार्य एका एकाकी मनोऱ्यात विद्यार्थ्यांना नुसत्या नावांच्या याद्या पाठ करायला लावतो, कारण ज्याचं नाव माहीत नाही त्यावर मंत्र चालत नाही. जादू म्हणजे पाठांतर आणि बारकाईने बघणं! इथे जादूला किंमतही पडते. एका बेटावर पाऊस पाडलात तर दुसरीकडे दुष्काळ पडू शकतो. खडा हिऱ्यासारखा दिसू लागेल एवढं सोपं आहे, पण तो खरोखर हिरा करायचा तर जगाचा तोल हलवावा लागतो. जगाच्या या समतोलामागे ताओ हा प्राचीन चिनी विचार आहे. ले ग्विन यांनी पुढे १९९७ मध्ये त्याच्या मूळ ग्रंथाचं, 'ताओ ते चिंग'चं, स्वतःचं इंग्रजी रूपही प्रसिद्ध केलं.

शाळेत एका गर्विष्ठ मुलाशी ईर्ष्या होते आणि गेड असं काही करून बसतो की एका महान माणसाचा जीव जातो आणि त्याच्या स्वतःच्या तोंडावर कायमचे व्रण उरतात. शेळ्यांच्या वेळी होतं तसंच, बोलावलेलं परत जात नाही. उरलेलं पुस्तक म्हणजे त्याने जगात सोडलेल्या त्या सावलीची गोष्ट. आधी सावली त्याच्या मागे लागते, आणि मग गेड... शेवट मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की फौजा, राक्षस, अंतिम युद्ध यांतलं काही येत नाही. ड्रॅगन येतात, पण त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या ड्रॅगनशी गेड मुख्यतः बोलण्यानेच लढतो, आणि ते प्रकरण मुलीला नक्की आवडेल.

पुस्तक १९६८ चं आहे, जादूच्या शाळांची आजची गर्दी व्हायच्या कितीतरी आधीचं. एका प्रकाशकाने मोठ्या मुलांसाठी काही लिहा म्हटल्यावर ले ग्विन यांना प्रश्न पडला की गोष्टीतले मांत्रिक कायम पांढऱ्या दाढीचे म्हातारे असतात, पण तेही कधीतरी पोरसवदा असतील की! तेव्हा ते ही भयंकर ताकदीची विद्या कशी शिकले? कादंबरी या प्रश्नातून आली. लिहिण्याआधी त्यांनी बेटांचा नकाशा काढला. तो पुस्तकात आहे, मुलीला तो उघडा ठेवून गेडची होडी कुठे पोचली ते बोटाने बघत वाचू दे. फार फरक पडतो.

आणखी एक गोष्ट तिच्या नजरेस आणून द्या, कारण ती सहज निसटते. गेडचा रंग तांबूस सावळा आहे, त्याचा सगळ्यात जवळचा मित्र व्हेच चांगला काळा आहे, आणि पहिल्या प्रकरणात गावावर चाल करून येणारे हल्लेखोर गोरे आहेत. १९६८ च्या अमेरिकेत हे लिहिणं साधं नव्हतं. अनेक मुखपृष्ठांवर गेडला गोरा केलं गेलं. २००४ च्या टीव्ही मालिकेतही गेड गोराच होता, आणि ले ग्विन यांनी त्याविरुद्ध उघडपणे लिहिलं.

मुलगी वाचणार आहे म्हणून एक उणीवही सांगायला हवी. या पहिल्या पुस्तकात बायकांना स्थान फार कमी आहे. रोकवर मुलींना प्रवेश नाही, आणि बायकांची जादू दुबळी किंवा दुष्ट असते अशी म्हण गाँटवर प्रचलित आहे. ते वाचून ती चिडली तर चिडू द्या. ले ग्विन यांनाही ते पुढे टोचलं. दुसऱ्या भागात, १९७१ च्या 'द टूम्ब्स ऑफ अटुआन'मध्ये, मुख्य पात्र एक मुलगी आहे, अंधाऱ्या थडग्यांची पुजारीण, आणि १९९० च्या 'तेहानू'मध्ये तर त्यांनी स्वतःचंच जग एका मध्यमवयीन बाईच्या बाजूने पुन्हा उभं केलं. 'तेहानू' आत्ताच देऊ नका, त्यात एका लहान मुलीवर झालेला भीषण अत्याचार आहे. सोळा-सतराची झाली की द्या. 'अटुआन' मात्र पहिलं संपलं की लगेच द्या. किंवा पहिलं अडलंच तर सरळ 'अटुआन'पासून सुरू करू द्या, तेही चालतं.

भाषेबद्दल म्हणाल तर इंग्रजी जुन्या कहाण्यांच्या वळणाचं आहे, वाक्यं लांब, संवाद थोडे. डोळ्यांनी भराभर वाचायची सवय असलेल्या मुलांना तिथेच कंटाळा येतो. मोठ्याने वाचलं की लय सापडते. दहाच प्रकरणं आहेत. रोज रात्री अर्धं प्रकरण, आणि तेही पावसाच्या त्या दोन पानांनंतर तिने स्वतः 'पुढे काय झालं' असं विचारलं तरच.