रेकॉर्डवाल्याला विचारा: कर्टची यादी, ब्रिस्बेनचं पंक आणि उरलेली तीन मिनिटं

या वेळी पत्रं भरपूर आलीत आणि जवळपास सगळी एकाच विषयावर, म्हणजे जुने पंक, इंडी, न्यू वेव्ह बँड ज्यांचं नाव कोणी घेत नाही. जागेत बसतील तेवढी उत्तरं देतोय, बाकीच्यांनी राग मानू नका, पुढच्या अंकात बघू.

प्रश्न: दादा, मी निर्वाणाचा डायहार्ड फॅन. त्यांचा गायक कर्ट कोबेनने वहीत लिहिलेली आवडत्या पन्नास अल्बमची यादी फिरत असते, त्यात रेनकोट्स आणि यंग मार्बल जायंट्स अशी नावं दिसली. रेनकोट्स लावले तर चक्क बेसूर. मला कळत नाहीये की कर्टने फेकलीय?
— सेकंड इयर, कराड

फेकली नाहीये रे. आणि बेसूर म्हणालास ते तसं चूकही नाहीये, पण तू सुरुवात उलट्या टोकाने केलीस. आधी यंग मार्बल जायंट्स ऐक. वेल्समधल्या कार्डिफचे तिघं, स्टुअर्ट आणि फिलिप हे मॉक्सहॅम बंधू आणि गायला ॲलिसन स्टॅटन. ड्रमर नाहीच. एका चुलतभावाने घरी बनवलेलं ड्रम मशीन, त्याचे ठोके कॅसेटवर भरून घ्यायचे आणि त्यावर वाजवायचं, बस. गिटार तळव्याने दाबून खुटखुट वाजतं, चाल सगळी बेस सांभाळतो आणि ॲलिसन गाते ती शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय अशा बेताने. 1980 मध्ये, म्हणजे बाकी जग अँप फोडत होतं तेव्हा, पाच दिवसांत रेकॉर्ड केलेला 'कोलोसल यूथ' हा अल्बम आला आणि त्याच वर्षी बँड मोडला. एकच अल्बम, पुढे काही नाही, मग लोकांच्या लक्षात राहणार कसं? तुझ्या पिढीतले बरेचजण त्यांचं गाणं नकळत ऐकून आहेत, कारण होल बँडने 1994 च्या अल्बममध्ये 'क्रेडिट इन द स्ट्रेट वर्ल्ड' वाजवलंय, ते मूळ यांचं.

आता रेनकोट्स. आना दा सिल्वा पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरची, जीना बर्च नॉटिंगहॅमकडची, दोघी लंडनच्या हॉर्नसी आर्ट कॉलेजात भेटल्या आणि 1977 मध्ये बँड काढला तेव्हा जीनाला बेस वाजवता येत होता असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पहिला अल्बम 1979 चा. त्यात व्हिकी ॲस्पिनॉलचं व्हायोलिन आहे ते गोड वगैरे नाही, करवतीसारखं चालतं, आणि पामोलिव्ह नावाची ड्रमर ताल सरळ धरतच नाही, टॉम टॉमवरच खेळत बसते. चौघी घसरतात, एकमेकींना गाठतात, परत घसरतात. हे एकदा कानाला सापडलं की मग सुरेल बँड जरा खोटे वाटायला लागतात, निदान मला वाटतात. किंक्सचं 'लोला' त्यांनी म्हटलंय तिथून सुरू कर, मूळ गाणं माहीत असलं की त्या काय मोडतोड करतायत ते दिसतं.

कर्टची गोष्ट खरी आहे. 1992 मध्ये लंडनला असताना आपली झिजलेली रेकॉर्ड बदलून नवी घ्यावी म्हणून तो रफ ट्रेडच्या दुकानात गेला, तिथे रेकॉर्ड नव्हती पण आना जवळच एका अँटिकच्या दुकानात काम करते असं कळलं, तर हा पठ्ठा तिथे पोचला. नंतर निर्वाणाच्या 'इन्सेस्टिसाइड' अल्बमच्या आतल्या मजकुरात त्याने हे सगळं लिहिलं, त्यामुळे 1993 मध्ये रेनकोट्सचे अल्बम पुन्हा छापले गेले. एप्रिल 1994 मध्ये निर्वाणाच्या ब्रिटन दौऱ्यात त्या आधी वाजवणार होत्या. पुढचं तुला माहितीये, त्याच महिन्यात कर्ट गेला.

म्हणजे बघ, रेकॉर्ड छापणंच बंद होतं. आवडायचं की नाही हा प्रश्न त्यानंतरचा.

प्रश्न: माझा भाऊ म्हणतो पंक लंडनला सुरू झालं, मी म्हणते न्यूयॉर्क. जेवणाच्या टेबलावर रोज भांडण. निकाल द्या.
— नाव नको, नाशिक

तुम्ही जिंकलात, पण थोडक्यात. न्यूयॉर्कच्या रमोन्सचा अल्बम एप्रिल 1976 चा, लंडनचं पहिलं पंक सिंगल डॅम्डचं, ऑक्टोबर 1976. पण भावाला गप्प करायचं असेल तर लंडनच्या आधी ब्रिस्बेन आहे हे सांगा. हो, ऑस्ट्रेलियातलं ब्रिस्बेन.

द सेंट्स. क्रिस बेली गायचा, एड क्युपर गिटारवर. तिकडे क्वीन्सलंडमध्ये 1968 पासून जो ब्येल्के-पीटरसन नावाच्या मुख्यमंत्र्याचं राज्य होतं, पोलिसांची दादागिरी, 1977 मध्ये तर मोर्चे काढायलाच बंदी, असं वातावरण. यांना कुणी वाजवायला जागा देईना म्हणून जिथे राहायचे त्या घरालाच क्लब 76 नाव देऊन तिथेच कार्यक्रम केले. सप्टेंबर 1976 मध्ये 'आयम स्ट्रँडेड' स्वतःच्या खर्चाने काढलं, 500 कॉपी, आणि त्यातल्या काही पोस्टाने इंग्लंडला पाठवल्या. तिथल्या साउंड्स साप्ताहिकाने असं काही डोक्यावर घेतलं की ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या लंडन ऑफिसातून सिडनीला निरोप गेला, या पोरांना शोधा आणि करार करा. आपल्याच देशात कोणी ओळखत नाही आणि करार पार लंडनहून!

मग 1977 मध्ये पोरं लंडनला गेली आणि तिथे गंमत झाली. केस लांब, साधे शर्ट, सेफ्टी पिन नाही, टोचाटोची नाही. लंडनवाल्यांच्या लेखी हे पंक दिसतच नव्हते. त्यात पुढच्या वर्षी यांनी गाण्यात ट्रम्पेट-सॅक्सोफोन आणले, 'नो युअर प्रॉडक्ट' ऐका, मला तर 'स्ट्रँडेड'हून ते जास्त आवडतं, पण तेव्हाच्या पंक पब्लिकला ब्रास सेक्शन म्हणजे लग्नाची वरात वाटली असणार. 1978 संपेपर्यंत मूळ बँड फुटला.

आणि वाद अजून वाढवायचा असेल तर डेट्रॉइटचे डेथ. डेव्हिड, बॉबी, डॅनिस, तिघे सख्खे हॅकनी भाऊ, कृष्णवर्णीय, घरासमोरच्या लोकांना वाटायचं ही मुलं डेट्रॉइटच्याच मोटाउन कंपनीच्या गाण्यांसारखं काहीतरी वाजवतील. यांनी 1975 मध्ये असली सुसाट गाणी रेकॉर्ड केली की वर्ष लपवून ऐकवलं तर कोणीही 1980 म्हणेल. रेकॉर्ड कंपनीवाला क्लाइव्ह डेव्हिस पैसे लावायला तयार होता, अट एकच, नाव बदला. डेव्हिड म्हणाला नाही. मग 1976 मध्ये स्वतःच सिंगल काढलं, परत 500 कॉपी (हा आकडा या विषयात सारखा भेटतो, परवडायच्याच तेवढ्या), आणि संपलं. डेव्हिड 2000 साली कॅन्सरने गेला. टेप भावांकडे राहिल्या, त्या ड्रॅग सिटी या लेबलने 2009 मध्ये अल्बम म्हणून काढल्या. एका नावापायी 34 वर्षं! मी असतो तर नाव बदललं असतं, पण मी काही डेव्हिड हॅकनी नाही.

प्रश्न: माझी मुलगी 14 वर्षांची आहे, बेस गिटार शिकतेय. तिला मुलींचे बँड ऐकायचेत. फार शिवीगाळ नसलेले सुचवाल का?
— एक आई, ठाणे

ताई, तुमच्यासाठी एकच नाव पुरे, ईएसजी. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधल्या स्क्रॉगिन्स बहिणी, रेने, व्हॅलरी, डेब्रा, मरी. मुलं वाईट संगतीला लागू नयेत म्हणून त्यांच्या आईनेच वाद्यं आणून दिली होती, त्यामुळे हा बँड आयांच्या बाजूचाच आहे म्हणा ना. शिवीगाळ नाही. बेस, ड्रम, काँगा आणि आवाज, गिटार नावापुरतं. डेब्राच्या बेसच्या ओळी चार-पाच सुरांच्या असतात, मुलगी दोन दिवसांत बसवेल, पण त्या पाच मिनिटं हलू न देता वाजवायच्या म्हणजे काय ते तेव्हा कळेल.

त्यांची हकीकत मात्र मुलीला जरूर सांगा. मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सच्या टोनी विल्सनने त्यांना न्यूयॉर्कमध्ये ऐकलं, लगेच स्टुडिओ ठरवला, प्रोड्युसर मार्टिन हॅनेट, जॉय डिव्हिजनवाला. दोन गाणी झाली आणि टेपवर तीनेक मिनिटं उरली, हॅनेट म्हणाला अजून काही आहे का, तर यांनी 'यूएफओ' वाजवलं. 1981 मध्ये ते छापलं गेलं. सुरुवातीचा तो भोंग्यासारखा चढत जाणारा आवाज पुढे हिपहॉपवाल्यांनी इतक्यांदा उचलला की मोजदाद नाही, पब्लिक एनिमीपासून नटोरियस बीआयजीपर्यंत. पैसे? विचारू नका. 1992 च्या त्यांच्या रेकॉर्डचं नावच 'सँपल क्रेडिट्स डोंट पे अवर बिल्स' आहे.

त्यात त्यांचं न्यूयॉर्कचं लेबल, 99 रेकॉर्ड्स, तेही बुडालं. लिक्विड लिक्विड नावाच्या दुसऱ्या एका बँडची बेसलाइन शुगर हिल या रॅपच्या लेबलने 'व्हाइट लाइन्स'मध्ये वापरली, 99 ने केस केली, जिंकलीसुद्धा, पण तोवर शुगर हिलचंच दिवाळं वाजलं. हातात शून्य. छोट्या लेबलवर सही करताना हे असं असतं, तुमचा बँड कितीही भारी असला तरी शेजारच्या बँडच्या कोर्टकेसमध्ये तुम्ही जाता.

लीड्सचे डेल्टा फाइव्हही द्या तिला, त्यांच्यात दोन दोन बेस आहेत, 'माइंड युअर ओन बिझनेस' 1979 चं. घरात वाजायला लागलं की कुणाला उद्देशून आहे ते मात्र तुमचं तुम्ही बघा. स्लिट्सचा पहिला अल्बम उत्तम आहे, कव्हर आधी तुम्ही बघून घ्या.

प्रश्न: या सगळ्यात आपलं कोणीच नाही का हो? नेहमी गोरेच.
— जुना वाचक, लेस्टर, इंग्लंड

काका, तुम्ही लेस्टरात बसून हे विचारताय? कॉर्नरशॉप तुमच्याच गावात 1991 मध्ये सुरू झाला की! आपल्या आशाताईंवरचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' 1998 च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये एक नंबरला होतं हे सगळ्यांना माहितीये, पण ते रिमिक्समुळे, मूळ गाणं आदल्या वर्षी साठाव्या नंबरपर्यंत जाऊन परत आलेलं. आणि त्याच्याही आधी हा बँड म्हणजे नुसता गोंगाट होता, 1993 ची पहिली ईपी करीच्या रंगाच्या व्हिनाइलवर छापलेली, टोमणा कळला ना? स्मिथ्स बँडचा गायक मॉरिसी, त्याच्या भूमिका पटत नाहीत म्हणून त्याचा फोटो जाहीर जाळला होता यांनी. त्या काळातलं ऐकायला सोपं नाही पण तजिंदर सिंग किती चिडलेला होता ते कळतं.

त्याच्या मागे गेलो तर एलियन कल्चर. लंडनचे तीन पाकिस्तानी घरातले तरुण आणि एक गोरा. थॅचरबाईंनी 1978 मध्ये टीव्हीवर, परक्या संस्कृतीच्या लोकांमुळे देश बुडेल अशी भीती वाटते लोकांना, असं काहीतरी म्हटलं होतं, त्यावरून नाव. 1980 मध्ये एक सिंगल, 'एशियन यूथ', आणि पुढच्या वर्षी दुकान बंद. वाजवणं कच्चं आहे, पण घरच्यांचे नियम आणि रस्त्यावरचे वर्णद्वेष्टे नॅशनल फ्रंटवाले यांच्या मधे अडकलेल्या पोरांबद्दल तेव्हा दुसरं कोण गात होतं?

मोनोक्रोम सेटचा बिड, त्याचं नाव गणेश शेषाद्री. 1978 पासूनचा बँड, तिरकस, नटवा, स्मिथ्सच्या आधीचा आणि स्मिथ्सवाल्यांना आवडणारा. मान्सूनच्या शीला चंद्राला तुम्ही टॉप ऑफ द पॉप्सवर पाहिलं असेल, 1982, सतार-तबल्यासकट 'एव्हर सो लोनली' बाराव्या नंबरला, तेव्हा ती 17 वर्षांची.

आणि इकडे गोव्यात रेमो. पुढे हिंदी सिनेमात गेला म्हणून लोक विसरतात, पण 1984 चा 'गोअन क्रेझी' त्याने शिवोलीच्या घरी स्वतः सगळी वाद्यं वाजवून चार ट्रॅकवर भरला आणि स्कूटरवर फिरून कॅसेटी दुकानांत नेऊन दिल्या. गाणी पंक नाहीत. पण हे काम करायची पद्धत लंडनच्या कुठल्याही डू इट युअरसेल्फवाल्याला लाजवेल अशी.

प्रश्न: न्यू वेव्ह आणि पोस्ट-पंक यात फरक काय?
— फक्त एवढंच लिहिलंय, पत्ता नाही

पंक म्हटलं की अमेरिकन रेडिओवाले दार लावून घ्यायचे म्हणून कंपन्यांनी न्यू वेव्ह हा शब्द पुढे केला, तो विकायच्या कामाचा. पोस्ट-पंक हा समीक्षकांच्या कामाचा. टॉकिंग हेड्स दोन्हीत बसतात. पुढचं पत्र.

प्रश्न: पायलॉनच्या 'गायरेट'ची 1980 ची ओरिजिनल अमेरिकन कॉपी एकजण देतोय, माझा जवळपास महिन्याचा पगार जाईल. शेवटची कॉपी आहे म्हणतो. घेऊ का?
— व्हिनाइलवेडा, पुणे

नको. बँड निवडलाय झकास, जॉर्जियातल्या अथेन्स गावचा, आरईएमच्याच गल्लीतला, आणि आरईएमला अमेरिकेतला सगळ्यात भारी बँड ठरवलं गेलं तेव्हा त्यांचा ड्रमर बिल बेरी म्हणाला होता की भारी बँड पायलॉन आहे. व्हनेसा ब्रिस्को ही गाते कमी, सूचना देते जास्त, आणि रँडी ब्युलीचं गिटार कडक, कुठेही जास्तीचा सूर नाही. हे लोक पैशाअभावी किंवा लेबलपायी गेले नाहीत बरं का. 1983 मध्ये यू टूच्या आधी स्टेजवर जायची संधी मिळाली, मोठं व्हायचा रस्ता दिसायला लागला आणि यांना त्यात मजा वाटेना, म्हणून बंद केलं. असेही असतात.

पण तुम्ही दिलेल्या पगारातला एक रुपया त्यांच्यापर्यंत जाणार नाहीये, तो त्या विकणाऱ्याच्या खिशात. 2020 मध्ये सगळं रेकॉर्डिंग नीट मास्टर करून बॉक्स सेट आलाय, दोन्ही अल्बम सुटेही निघालेत, ते घ्या, रकमेत बराच फरक पडेल. तरी ओरिजिनलच हवी असा हट्ट असेल तर लेबलाजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेल्या नंबराचा स्पष्ट फोटो आधी मागवा आणि डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या वेबसाइटवर जुळवून बघा, कव्हर बघून कधीही पैसे देऊ नका, कव्हर दुसऱ्या कॉपीचं असतं पुष्कळदा. फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर विषय तिथेच संपला.