सर्व्हे नंबर सांग

बाय,

डोंगर कापलेला बघून तू ग्रामसभेत उठलीस, 'सगळे विकले गेलेत' म्हणालीस, सरपंच हसले आणि पुढचा विषय घेतला. आता विचारतेस, पैशापुढे कुणाचं काही चालत नसेल तर राजकारणात पडायचं की गोवा सोडून जायचं? ते नंतर बघू. तो डोंगर कुठल्या सर्व्हे नंबरात येतो? चार पानांच्या पत्रात तेवढंच नाही.

रागावू नकोस. 'सगळे' म्हटलं की एकालाही खुलासा करावा लागत नाही. सर्व्हे नंबर आणि तारीख सांगितलीस की कुणाला तरी उत्तर द्यावंच लागतं, निदान टाळावं तरी लागतं, आणि टाळल्याची नोंद राहते.

वाड्यावरच्या लोकांनी निवडणुकीत पैशाची पाकिटं घेतली हे तुला फार लागलंय. त्यात अडकू नकोस. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे 28 लाखांची खर्चमर्यादा आहे. एका मतदारसंघात साधारण 29 हजार मतदार, म्हणजे माणशी शंभर रुपयेसुद्धा नाहीत. पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. आता दुसरी बाजू बघ. चार हजार चौरस मीटर बागायत वसाहत क्षेत्रात, म्हणजे बांधकाम करता येईल अशा क्षेत्रात गेली आणि भाव चौरस मीटरमागे नुसता हजार रुपयांनी वाढला, तर 40 लाख झाले. एका सहीत उमेदवाराचा सगळा कायदेशीर खर्च निघून वर उरतात. पाकिटाचा पैसा येतो कुठून आणि वसूल कसा होतो, हे या आकड्यात आहे. म्हणून लोकांची लाज काढण्यापेक्षा नंबर काढ.

हे सगळं कायदा मोडून होतं असं समजू नकोस, कायद्यातच त्याला वाट ठेवलेली असते. गोव्याच्या नगर व ग्रामनियोजन कायद्यात 2023 साली 17(2) हे कलम आलं ते प्रादेशिक आराखड्यातल्या, म्हणजे कुठली जमीन कशासाठी हे ठरवणाऱ्या नकाशातल्या, चुका दुरुस्त करायला. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्याखालचे नियम रद्द केले. त्याआधीच, 2024 मध्ये, 39-ए हे कलम आणलं होतं: अर्ज करा, हरकतींसाठी 30 दिवसांची सूचना निघेल, मग क्षेत्रबदल, म्हणजे बागायतीची वसाहत. एक दार बंद व्हायच्या आत दुसरं तयार. तारखा शेजारी शेजारी लिहिल्या की हे दिसतं, भाषण ऐकून दिसत नाही.

खाणींचंही तसंच. 2015 च्या 12 जानेवारीला केंद्राचा अध्यादेश आला, यापुढे खाणपट्टे लिलावानेच. आपल्याकडे 88 पट्ट्यांचं नूतनीकरण त्याच्या आगेमागे उरकलं, त्यातले 31 नेमके त्याच दिवशी. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या फेब्रुवारीत सगळे रद्द केले. लाच कुणी किती घेतली याचा तिथे हिशेब लागला नाही. घाई मात्र तारखांवरून उघडी पडली. म्हणून तारीख, तारीख म्हणून डोकं खातो.

आता काम. एकच जमीन धर, दहा नकोत. एक-चौदाचा उतारा काढ, म्हणजे आपल्याकडचा सातबारा. कब्जेदाराचं नाव, क्षेत्रफळ, कुळाचा रकाना आणि इतर हक्क, चारही लिहून घे. कुळाच्या रकान्यात नाव असेल तर अर्धी लढाई तिथेच आहे, आणि लोक नेमका तोच रकाना वाचत नाहीत. मग 2021 च्या प्रादेशिक आराखड्यात ते क्षेत्र काय दाखवलंय ते बघ. मग राजपत्र, क्षेत्रबदलाची सूचना त्यातच येते. नेहमीच्या अंकावर थांबू नकोस, असाधारण अंकही चाळ.

सूचनेत पोटहिस्सा नीट वाच. वाटणी झाली की नंबर फुटतो, आणि हरकत जुन्या नंबरावर टाकली तर ती गेली. क्षेत्रबदल पूर्ण जमिनीचा की काही भागाचा, तेही बघ. आणि 30 दिवस राजपत्राच्या तारखेपासून मोज. व्हॉट्सअॅपवर तुला कधी कळलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

हरकतीत 'निसर्गाचा विध्वंस' लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. उतार किती, रस्ता किती मीटर रुंद, पावसाचं पाणी कुठल्या वहाळातून कुणाच्या शेतात उतरतं, विहिरी किती, हे लिही. दोन प्रती ने, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. 'नंतर या' म्हणाले तर उभी राहा.

मालक कंपनी असेल तर संचालकांची नावं सरकारी संकेतस्थळावर मिळतात. उमेदवारांची शपथपत्रंही उघडी आहेत, 2017 आणि 2022 ची शेजारी ठेव. पण इथे घसरशील, सांगून ठेवतो. जमिनीची किंमत वाढलेली दिसली म्हणून ओरडू नकोस, बाजारभावानेही वाढते. नवा सर्व्हे नंबर आलाय का, ते शोध. कंपनीच्या नावावरची जमीन शपथपत्रात येत नाही, फक्त शेअर येतात. आणि नाव सारखं म्हणजे माणूस तोच, असं गोव्यात तरी धरू नकोस. निवडणूक खर्चाचा हिशेबही निकालानंतर 30 दिवसांत द्यावा लागतो आणि तो कुणालाही बघता येतो. बघायला जातं कोण?

पक्षात जाऊ का, म्हणतेस. जा, नको कोण म्हणतंय? फक्त हिशेब लक्षात ठेव: 2019 च्या जुलैत काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार भाजपमध्ये गेले, 2022 च्या सप्टेंबरात 11 पैकी 8. पक्षांतरबंदीतून सुटायची दोन तृतीयांशाची अट दोन्ही वेळा बरोबर बसली. आकडे त्यांनाही येतात, बाय.

हे कोरडं काम आहे. मला किचकट म्हणतात, म्हणोत. मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी मामलेदाराच्या टेबलावर उरतो तो कागदच.

पुढच्या ग्रामसभेला ठराव घरून लिहून ने. पहिल्या ओळीत सर्व्हे नंबर आणि पोटहिस्सा, दुसरीत सूचनेची तारीख. अनुमोदक आधी ठरव, शक्यतो ज्याची विहीर खाली आहे तो. सचिव इतिवृत्त लिहितात तेव्हा शेजारी उभी राहा, नंबर चुकला तर तिथल्या तिथे सांग. मग इतिवृत्ताची प्रत माग. नाही दिली तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज टाक आणि मला कळव, पण नंबर लिहून.