मुंबईचं सांडपाणी समुद्रात सोडलेलं चालतं, मग सोलापूरचं सीना नदीत का नाही?

नाही चालत, कारण उन्हाळ्यात सीनेत ते पातळ व्हायला पाणीच नसतं. वरळी-वांद्र्याला आधी जाळ्यांनी कचरा अडवतात, रेती काढतात आणि मग बोगद्यातून तीनेक किलोमीटर आत, तळाशी अनेक तोंडांतून सोडतात. पुढचं काम भरती-ओहोटी, खारं पाणी आणि ऊन करतं. म्हणूनच पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मध्ये बीओडीची (घाण कुजवताना जीवाणू पाण्यातला किती ऑक्सिजन खातात, त्याचं माप) सर्वसाधारण मर्यादा समुद्रासाठी लिटरला १०० मिलिग्रॅम, नदीसाठी ३० आहे. कच्च्या मैलापाण्याचा बीओडी साधारण २०० ते २५०. आटलेल्या डोहात ते शिरलं की ऑक्सिजन संपतो, पाणी काळं पडतं, मासे उलटे तरंगतात. शिवाय सीना पुढे कुडलला भीमेला मिळते. अर्थात मुंबईचंही सगळं खोल समुद्रात जात नाही. मिठी नदीत किंवा खाडीत सुटलेला मैला भरतीबरोबर मागे फिरतो, तिथे समुद्राचा हा युक्तिवाद लंगडाच.