मुंग्या आल्या की साखरच असते असं नाही

प्रश्न : मुलाने दुबईहून मल्टिव्हिटॅमिनची मोठी बाटली पाठवलीय. आम्ही दोघं रोज एकेक गोळी घेतो. लघवी पिवळीधमक होते. मूत्रपिंडावर ताण येतो का? यांना मधुमेह आहे, बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. हल्ली रात्री तळपायांना मुंग्या येतात. आमचं भटाचं घर, मासळी नाही, अंडंही नाही. शेजारीण म्हणते, ‘डी’ची पुडी सुरू करा.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, पिवळ्या रंगाचं मनावर घेऊ नका. तो बी-२ म्हणजे रायबोफ्लेविनचा रंग. शरीराला हवं तेवढं ठेवून उरलेलं बाहेर टाकलं जातं. (गल्फहून येणाऱ्या बॅगेत खजुरासोबत अशी एक बाटली हमखास असते. ती संपवायलाच हवी असं नाही.)

मला काळजी वाटते ती मुंग्यांची. मधुमेह म्हटला की पायांच्या मुंग्या साखरेच्या नावावर टाकून सगळे मोकळे होतात. पण बी-१२ कमी पडलं तरी अगदी अशाच मुंग्या येतात, आणि यजमानांच्या बाबतीत ते कमी पडायला दोन कारणं आहेत. एक, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ आतड्यातून नीट शोषलं जात नाही. दुसरं, भाजी-डाळ-भातात बी-१२ नसतंच. ते मासे, अंडी, मांस आणि दुधात. बांगडे-तिसऱ्या खाणाऱ्या घरात ते आपसूक मिळतं. तुमच्याकडे सगळी मदार दूध-दह्यावर. पेलाभर दुधातून सुमारे एक मायक्रोग्रॅम मिळतं, गरज दिवसाला दोन-अडीचची. चहात घातलेलं चमचाभर दूध कुठवर पुरणार?

यकृतात बी-१२चा साठा असतो, म्हणून कमतरता दिसायला वर्षं लागतात. आणि नसांना झालेली इजा फार काळ राहिली तर पूर्ण भरून येत नाही. बाटलीवर बी-१२ लिहिलेलं असेल, पण त्यावर विसंबू नका. त्यातल्या फॉलिक अॅसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. या आठवड्यात बी-१२ची रक्ततपासणी करून घ्या. डॉक्टरांना पाय दाखवा. अंगठ्यावर ट्युनिंग फोर्क टेकवून कंप जाणवतो का, हे ते मिनिटभरात बघतील. कमी निघालं तर इंजेक्शनं किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या असतात. शाकाहार सोडायची गरज नाही.

‘डी’ची पुडी शेजारणीच्या सांगण्यावरून नको. एका पुडीत साठ हजार युनिट्स असतात आणि ‘डी’ चरबीत साठतं. रोज घेत राहिलात तर रक्तातलं कॅल्शियम वाढून खरोखरच मूत्रपिंडावर बेतेल.

जेवणात सुरय (न उकडलेल्या) तांदळाऐवजी उकडा घ्या. टरफलासकट भात उकडताना कोंड्यातलं बी-१ दाण्यात मुरतं. यजमानांना मधुमेह आहे, तेव्हा वाढताना मात्र हात आखडता ठेवा.

मेटफॉर्मिन मनानेच बंद करू नका. त्यावर काय करायचं ते रिपोर्ट बघून त्यांचे डॉक्टर ठरवतील.