‘फेअरेस्ट अँड बेस्ट’ला मराठीत काय म्हणावं?

मेलबर्नला राहणाऱ्या एका वाचक बाईंनी विचारलंय: मुलीला ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या क्लबकडून ‘बेस्ट अँड फेअरेस्ट’चं प्रमाणपत्र मिळालं. व्हिडिओ कॉलवर आजीने विचारलं, “सगळ्यात गोरी म्हणून बक्षीस देतात होय तिकडे?” हसून झालं, पण मराठीत नेमकं काय सांगायचं ते सुचेना. ब्राउनलो पदकाच्या (तिथल्या सर्वोच्च फुटबॉल लीगमधल्या मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या) बातम्यांतही हेच शब्द उलट्या क्रमाने येतात, त्यांचा अर्थ तोच का?

अर्थ तोच. व्हिक्टोरियातले क्लब आपल्या वार्षिक पुरस्काराला ‘बेस्ट अँड फेअरेस्ट’ म्हणतात, बोलताना नुसतं ‘बी अँड एफ’. ब्राउनलो पदक मात्र ‘फेअरेस्ट अँड बेस्ट’ खेळाडूला मिळतं, आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियातही हाच क्रम रूढ आहे. चार्ल्स ब्राउनलो हे जिलाँग क्लबचे (स्पेलिंग बघून गीलाँग म्हणू नये) खेळाडू आणि पुढे अनेक वर्षं सचिव. 1924च्या जानेवारीत ते वारले आणि त्याच वर्षापासून त्यांच्या नावाचं पदक सुरू झालं. लोक त्याला लाडाने ‘चार्ली’ म्हणतात.

आता ‘फेअर’. शब्दकोश उघडला की पहिल्यांदा ‘न्याय्य’ आणि ‘निःपक्षपाती’ सापडतात. दोन्ही इथे निकामी. निःपक्षपाती असावं ते पंचाने. खेळाडू मुळातच एका पक्षाचा असतो, तो निःपक्षपाती झाला तर त्याचाच संघ त्याला बाहेर बसवेल! ‘प्रामाणिक’ जरा जवळचा वाटतो, पण तोही फसवा आहे. एखादा अगदी प्रामाणिकपणे, कसलीही लबाडी न करता, समोरच्याच्या जबड्यावर कोपर मारू शकतो.

मराठी क्रीडापानांवर याच्या नेमका विरुद्ध शब्द आहे: धसमुसळा. ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा अंगावर येणारा खेळ आहे. पळत्या माणसाला मिठी मारून आडवं करणं त्यात नियमात बसतं. डोक्यावर आघात, गुद्दा, उशिरा दिलेली धडक हे बसत नाही. तेव्हा ‘फेअर’ म्हणजे रांगडं खेळूनही धसमुसळेपणा न करणारा. मराठीत ही छटा ‘खिलाडू’ या शब्दात आहे. ‘खिलाडू’ म्हटलं की हार पचवणारा, रडीचा डाव न खेळणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, म्हणजे अर्थ थोडा जास्तच विस्तारतो. मुलीच्या प्रमाणपत्रापुरता तो विस्तार चांगलाच आहे. आजीला ‘सर्वोत्तम आणि सर्वात खिलाडू’ असं बिनधास्त सांगा.

ब्राउनलोच्या बातमीत मात्र ‘खिलाडू’ने भागत नाही, कारण तिथे ‘फेअरेस्ट’ ही कौतुकाची झालर नसून पात्रतेची अट आहे. मोसमात गैरवर्तनासाठी एका सामन्याचं जरी निलंबन झालं, तरी पदक हुकतं. 1997मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जच्या ख्रिस ग्रँटला पंचांची सर्वाधिक 27 मतं मिळाली होती, पण त्याच्या नावावर एका सामन्याचं निलंबन होतं. पदक गेलं 26 मतं मिळवणाऱ्या सेंट किल्डाच्या रॉबर्ट हार्वेला. आदल्याच वर्षी कोरी मॅकर्नन 21 मतांवर जेम्स हर्ड आणि मायकेल व्हॉस यांच्या बरोबरीत होता. त्या दोघांना पदक मिळालं, निलंबनामुळे मॅकर्ननला नाही. अशा वेळी ‘सर्वोत्तम खेळाडू हार्वे’ एवढंच छापलं, तर वाचक गोंधळणार.

उलटही घडतं. 2022मध्ये कार्लटनचा कर्णधार पॅट्रिक क्रिप्स याला एका धडकेबद्दल दोन सामन्यांची बंदी झाली. अपिलात ती रद्द झाली आणि मोसमाअखेर तो 29 मतांनी पदक जिंकला, दुसऱ्या क्रमांकापेक्षा फक्त एक मत जास्त. म्हणजे ‘फेअर’ कोण, हे शेवटी वकिलांच्या युक्तिवादावर ठरलं. माझ्या मते या अटीचं सगळं अवघडलेपण या एका प्रकरणात दिसतं.

म्हणून बातमीत ‘ब्राउनलो पदक’ हे नाव तसंच ठेवावं आणि पहिल्या उल्लेखाला ‘निलंबन न झालेल्या खेळाडूंतील सर्वोत्तमासाठीचं’ असं जोडावं. लांबतं खरं, पण बरोबर आहे.

जाता जाता आणखी दोन शब्द. प्रत्येक साखळी सामन्यानंतर मैदानातले पंच तीन खेळाडूंना 3, 2, 1 अशी मतं देतात. त्यांना ‘गुण’ म्हणू नये, कारण या खेळात गोलचे 6 आणि बिहाइंडचा (चेंडू गोलच्या खांबांच्या बाजूने गेला तर) 1 असे गुण आधीच असतात. आणि कागदोपत्री याचं नाव ‘चार्ल्स ब्राउनलो ट्रॉफी’ असलं, तरी विजेत्याच्या गळ्यात पडतं ते पदकच, तेव्हा ‘चषक’ टाळलेला बरा.