टकिला, निवडुंग आणि आपलं घायपात

प्रश्न असा आला आहे: ‘टकिला ही निवडुंगाची दारू, असं एका लेखात वाचलं. अगेव्हला निवडुंग म्हणणं बरोबर आहे का? आणि बाटलीवरच्या ब्लांको, रेपोसादो, आन्येहो या शब्दांचे अर्थ काय?’

मेक्सिकोची टकिला ज्यापासून बनते, त्या अगेव्हला निवडुंग म्हणू नये. काटे असणं आणि कोरड्या माळावर तग धरणं, एवढंच दोघांत सारखं. अगेव्ह शतावरीच्या कुळातलं. आणि त्याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे: घायपात. काही भागांत केकताड म्हणतात. बांधावर कुंपणाला लावलेली, तलवारीसारख्या पानांची ती झाडं. त्यांच्या पानांचा वाख काढून आपल्याकडे दोर वळत आले. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. आपण त्याची पानं घेतली, मेक्सिकोने गड्डा.

टकिलाला मात्र घायपाताची एकच जात चालते, निळं अगेव्ह. ते तयार व्हायला साधारण सहा ते आठ वर्षं लागतात. मग ‘हिमादोर’ म्हणजे तोडणी करणारा कामगार ‘कोआ’ नावाच्या लांब दांड्याच्या धारदार अवजाराने पानं छाटतो आणि मधला गड्डा मोकळा करतो. त्याला ‘पिन्या’ म्हणतात, म्हणजे अननस, दिसतोही तसाच. कच्च्या गड्ड्यातली शर्करा सहज आंबत नाही. म्हणून तो विटांच्या भट्टीत किंवा दाबाच्या भांड्यात शिजवतात, रस काढून आंबवतात आणि सहसा दोनदा गाळतात. गोव्यात काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची हुर्राक पुन्हा गाळून फेणी होते, तसंच हे.

या शिजवण्यातच एक शब्द दडला आहे. अगेव्हच्या दारूचं ‘मेस्काल’ हे नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल या मूळ भाषेतलं, अर्थ शिजवलेलं अगेव्ह. टकिला पूर्वी तेकिला गावची मेस्काल म्हणूनच ओळखली जाई. हे गाव मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यात आहे. १९७४ पासून या नावाला मेक्सिकोत कायद्याचं संरक्षण आहे: हालिस्को आणि इतर चार राज्यांतले ठरावीक भाग सोडून कुठेही बनलेल्या दारूला टकिला म्हणता येत नाही. दख्खनच्या घायपातापासून भारतात गाळलेलं मद्यही म्हणूनच टकिला नव्हे.

आता बाटलीवरचे शब्द. ब्लांको म्हणजे पांढरी, न मुरवलेली किंवा जेमतेम मुरवलेली. रेपोसादो म्हणजे विसावलेली. ओकच्या लाकडात किमान दोन महिने. आन्येहो मला फार आवडतो. त्याचं मूळ लॅटिनमधलं, अर्थ ‘एक वर्षाचा’, आणि नियमही तेच सांगतो: ६०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या पिंपात किमान एक वर्ष. किमान तीन वर्षं ठेवलेली ती एक्स्ट्रा आन्येहो. हा वर्ग २००६ मध्ये आला. ‘ओरो’ म्हणजे सोनेरी, पण तो रंग पिंपातून आलेला असेलच असं नाही, कॅरॅमलचाही असू शकतो.

आन्येहोला मराठीत ‘मुरलेली’ म्हणायला हरकत नाही, पण एक सावधगिरी हवी. आपल्या मनात मुरलेलं म्हणजे चांगलंच, लोणचं असो वा माणूस. टकिला जास्त दिवस पिंपात राहिली की लाकडाची, व्हॅनिलाची चव वर येते आणि अगेव्हची मागे पडते. पहिल्यांदा चव घेणाऱ्याने म्हणून ब्लांकोच घ्यावी, आणि शॉट मारण्याऐवजी घोट घोट प्यावी. त्याआधी बाटलीवर ‘१०० टक्के दे आगावे’ (म्हणजे शंभर टक्के अगेव्हची) हे शब्द शोधावेत. ते नसतील तर आंबवलेल्या साखरेतली ४९ टक्क्यांपर्यंत साखर उसाची किंवा दुसऱ्या कशाची असू शकते.

उच्चाराचं म्हणाल, तर स्पॅनिशमध्ये ‘तेकिला’ आहे, पण मराठीत ‘टकिला’ रुळला आहे, तो बदलायचं कारण नाही. ‘अनेजो’ मात्र लिहू नये. ते ‘आन्येहो’च.